भोगीला धुतलेला नकाशा

जानेवारी अर्धा सरला की नाशकात गंधकाचा वास सुटतो. मखमलाबादच्या, गिरणाऱ्याच्या, गंधक फवारलेल्या द्राक्षबागांमधून तो वाऱ्यावर शहरात येतो. पिंपळगावकडे क्रेट भरून टेंपो जायला लागतात, ओळखीची माणसं दारात द्राक्षांची पेटी ठेवून जातात, आणि दर पाच वर्षांनी याच दिवसांत महापालिकेची निवडणूक येते. यंदाही आली आहे. आमच्या चौकात हात जोडलेले एकवीस चेहरे लटकताहेत. मी त्यांच्याखालून मान खाली घालून जातो.

या दिवसांत मला हमखास सर्दी होते. तरी मी पांढरा रुमाल वापरत नाही. बायकोनं सुरुवातीला दोन-तीनदा विचारलं, मग तिनं माझ्यासाठी चौकड्यांचे रुमाल आणायला सुरुवात केली. एक पांढरा रुमाल माझ्या कपाटात, स्वेटरांच्या खाली, दहा वर्षं पडून आहे. त्याची गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. मी मुळातच कमी बोलणारा, त्यामुळे माझ्या गप्प राहण्याचा कुणाला संशयही आला नाही. कमी बोलणाऱ्या माणसाची ही एक सोय असते.

मी सिन्नरचा. विसाव्या वर्षी नाशकात नाना करंबेळकरांच्या घरातल्याच ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून लागलो. नाना तेव्हाच सत्तरीचे होते. इंग्रजी अमलात मुंबईला एका गोऱ्या आर्किटेक्टकडे त्यांनी ट्रेसर म्हणून सुरुवात केली होती. साहेबाच्या कच्च्या नकाशावर मेणचट, निळसर कापड ताणायचं आणि प्रत्येक रेघ शाईनं उतरवायची, असं ते काम. नकाशाच्या कोपऱ्यात नाव साहेबाचं. नेटिव्ह माणसाचा हात चालायचा, नाव चालत नसे. एका बंगल्याची मापं घ्यायला साहेबानं त्यांना नाशकात पाठवलं आणि ते इथंच राहिले. "का राहिलात?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "हवा चांगली होती, आणि साहेब लांब होता."

मग त्यांनी इथं बंगले बांधले, एक शाळा बांधली, एक नाटकगृह, एक दवाखाना, भाजीबाजाराची ती उंच कमानींची शेड. मी कामाला लागलो तेव्हा नाना सकाळी मला सायकलवर डबलसीट बसवून गावभर फिरवायचे. म्हणजे सायकल मी चालवायचो. मागून त्यांची काठी माझ्या पाठीत टोचायची. "थांब. ती खिडकी बघ. चार इंच खाली घ्यायला हवी होती. चाळीस वर्षं झोपू देत नाही मला." मला वाटायचं, माझीही एखादी खिडकी असावी. निदान चुकलेली तरी.

ते मेणचट कापड मी लागलो तेव्हाच हद्दपार होत चाललं होतं. त्याच्या जागी ट्रेसिंग पेपर आला, मग फिल्म आली. पण नानांच्या माळ्यावर पत्र्याच्या नळकांड्यांत गुंडाळलेली जुनी कापडं शेकड्यांनी होती. त्या कापडाची एक गंमत होती. ते खरं म्हणजे उत्तम सुती कापड, खळ आणि मेण चढवून कडक केलेलं. गरम पाण्यात सोडा टाकून रात्रभर भिजवलं की खळ सुटायची, खळीबरोबर शाई सुटायची आणि सकाळी हातात मलमलीसारखं मऊ पांढरं कापड यायचं. जुन्या ड्राफ्ट्समनांच्या घरी लहान मुलांची झबली याच कापडाची असत. माझा थोरला मुलगा पाडलेल्या दवाखान्याच्या तळमजल्यात वाढला, असं आम्ही थट्टेनं म्हणायचो, कारण त्याचं पहिलं झबलं त्या नकाशाचं होतं.

नानांच्या ऑफिसात मात्र यातही एक शिस्त होती. इमारत उभी असेपर्यंत तिचा नकाशा धुवायचा नाही. इमारत पाडली, की वर्षाच्या शेवटी तिचं कापड खाली काढायचं. भोगीच्या आदल्या रात्री नानांच्या पत्नी, माई, ते बंबातल्या पाण्यात भिजवत आणि भोगीच्या सकाळी, घरात न्हाणी-धुणी चालायची तेव्हा, स्वतःच्या हातानं धूत. पाणी आधी निळसर व्हायचं, मग राखाडी, मग काळपट. नाना पायरीवर उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, "चला, आता सुतक फिटलं." माई त्या कापडाचे रुमाल कापायच्या, कडा दुमडून बारीक टीप घालायच्या, आणि संक्रांतीला तिळगुळाबरोबर ऑफिसातल्या प्रत्येकाला एकेक द्यायच्या. नव्वदच्या दशकात कॉम्प्लेक्सची लाट आली, जुने बंगले पटापट पडायला लागले. एका संक्रांतीला प्रत्येकाला तीन-तीन रुमाल मिळाले. नाना त्या दिवशी जेवले नाहीत.

एकच कापड असं होतं, की जे कुठल्याही इमारतीचं नव्हतं.

त्याची हकीकत मी माईंकडून इतक्यांदा ऐकली होती की ती मला माझ्याच लहानपणची वाटते. स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती. नाना एका व्यापाऱ्याच्या बंगल्यासाठी कारंज्याचा नकाशा काढत बसले होते. माई चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या कारंज्याला पाणी कुठून येणार हो? मागच्या गल्लीत एका नळावर सत्तर हंडे आहेत. काल दोघींची डोकी फुटली." नानांनी पेन खाली ठेवलं. त्या वर्षी ते नगरपालिकेला उभे राहिले.

पण नानांना भाषण येत नव्हतं. पहिल्या सभेत ते उभे राहिले, घामाघूम झाले आणि एवढंच बोलले, "मला बोलता येत नाही. नळ कुठं हवा ते दाखवा, मी काढतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी अख्ख्या वॉर्डाचा नकाशा कापडावर काढून चौकात, वडाच्या पाराजवळ, लाकडी फळीवर ताणून लावला. बायका यायला लागल्या. त्या काळी परक्या पुरुषाला स्वतःचं नाव सांगायची रीत नव्हती. म्हणून माई फळीजवळ स्टूल टाकून बसल्या. बाई बोटानं जागा दाखवायची, नाना लहान कंपासनं तिथं वर्तुळ काढायचे आणि माई त्या वर्तुळाशेजारी बाईचं नाव लिहायच्या. गंगूबाई. सखू. रखमा. हलीमा. एरवी आमच्यापैकी कुणी कंपासचं टोक कापडात रुतवलं तर नाना खेकसायचे, "धागा तोडलास!" चौकात मात्र मागून बायका रेटायच्या, त्यामुळे प्रत्येक नळाच्या मध्यावर त्यांच्याच हातानं भोक पडलं होतं.

नाना निवडून आले. नगराध्यक्षही झाले. नकाशावरचे जवळजवळ सगळे नळ त्यांनी पाच वर्षांत बसवले. पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर एका वजनदार आडत्यानं सांगितलं, की रखमाचा नळ माझ्या गाळ्यासमोर सरकवा. नाना म्हणाले, "तो माझा नळ नाही, रखमाचा आहे. तिला विचारा." आणि पडले. पुन्हा उभे राहिले नाहीत. ऑफिसात येऊन कारंज्याचा तो अर्धा नकाशा त्यांनी पूर्ण केला म्हणे. नळांचा नकाशा मात्र नळकांड्यात घालून स्वतःच्या टेबलामागे उभा करून ठेवला. तो माळ्यावर कधी गेला नाही.

माझ्या मनात त्या नळकांड्यावर माझा हक्क होता. कुणी दिलेला नव्हता. सतरा वर्षं एका माणसाच्या टेबलाशेजारी बसलं, की त्याच्या मागच्या वस्तू आपल्या वाटायला लागतात.

आणि मग विजया आली.

विजया देवरे, नामपूरची. नवरा इथं कंपनीत, एक लहान मुलगी, डिप्लोमा झालेला. आली तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. कांद्याच्या लिलावात वाढल्यासारखा खणखणीत आवाज. रागावली किंवा हसली की तिच्या बोलण्यात गावाकडची अहिराणी उतरायची. तिसऱ्याच दिवशी तिनं एक नकाशा पूर्ण करून नानांपुढे ठेवला आणि विचारलं, "नाना, हे मी काढलं ना? मग कोपऱ्यात माझं नाव कुठंय?"

आम्ही बाकीचे चौघं आपापल्या बोर्डांवर वाकलो. ऑफिसची पद्धत साहेबाच्या ऑफिसातूनच आलेली होती. कोपऱ्यात फक्त करंबेळकरांचं नाव. नानांनी चष्मा वर केला. तिच्याकडे पाहिलं आणि हसत सुटले. "साठ वर्षांत मला कुणी विचारलं नाही. मीही साहेबाला विचारलं नाही. लिही. लिही तुझं नाव."

तिनं लिहिलं. 'रेखाटन : वि. देवरे'. मग नानांनी तो नकाशा उजेडात धरला आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हात आहे पोरीचा."

या तीन शब्दांची मी सतरा वर्षं वाट बघत होतो. माझ्याविषयी ते म्हणायचे, "अशोक विश्वासू आहे." विश्वासू कुणीही असतं. कुलूपही असतं.

मी मागितलं असतं तर मलाही नाव लिहायला मिळालं असतं, हे त्या क्षणी कळलं. कळल्यामुळे जास्त जळलो. माझ्यावर अन्याय झाला असता तर बरं झालं असतं. इथं अन्यायसुद्धा नव्हता.

पुढच्या दोन-तीन वर्षांत मी तिच्या रेघांमध्ये चुका शोधल्या. सापडल्या तर खूश व्हायचो आणि गुपचूप दुरुस्त करून तिला सांगायचो, म्हणजे तिनं आभार मानावेत. ती मानायची. "अशोकभाऊ, तुम्ही होतात म्हणून." मनापासून म्हणायची, त्यामुळे मला काहीच मिळायचं नाही. डब्यातली ठेचा-भाकरी ती पहिल्यांदा माझ्यापुढे करायची. मी म्हणायचो, तिखट लागतं. तिखट मला कधीच लागलेलं नाही.

दहा वर्षांपूर्वीच्या त्या निवडणुकीआधी नाना म्हणू लागले होते, "आपल्यातलं कुणीतरी उभं राहायला हवं. नळ आहेत, पाणी नाही. परत चौकात फळी लावायला हवी." 'आपल्यातलं' म्हणजे कोण, हे मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. दोन पांढरे झब्बे शिवायला टाकले. वॉर्डांची सोडत निघाली आणि आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. मी बायकोला चाचपून पाहिलं. ती म्हणाली, "उभी मी राहणार आणि बोलणार तुम्ही? तुम्ही घरात तरी बोलता का?" तो विषय तिथंच संपला.

भोगीच्या आदल्या दिवशी नानांनी विजयाला टेबलाशी बोलावलं. नव्वदीला टेकलेले, पाय सुजलेले, शालीत गुंडाळलेले. मागचं नळकांडं त्यांनी काठीनं पुढं ओढलं, त्यातलं कापड काढून टेबलावर पसरलं. मी इतकी वर्षं ते नुसतं पाहिलं होतं, हात लावला नव्हता. तिनं सरळ बोट ठेवलं. "ही रखमा कोण, नाना?"

"ज्या बाईनं मला पाडलं ती," नाना म्हणाले. "हा आता तुझा. संक्रांत झाली की चौकात लाव. जुन्या बायकांच्या नाती-सुना आहेत अजून तिथं. आपल्या आजीचं नाव बघतील, मग स्वतःचं सांगतील."

विजयानं पदर खोचला, नानांच्या आणि दारात आलेल्या माईंच्या पाया पडली. मग नाना माझ्याकडे वळले. "अशोक, तिला शिडी धर."

"आणि मी?" असं मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

नानांना प्रश्नच कळला नाही. म्हणाले, "तू आहेसच की."

त्याच संध्याकाळी नानांनी मला वर्षभरात पडलेल्या इमारतींची नावं सांगितली. चार होत्या. नाटकगृहही त्यांतच होतं. पाय सुजल्यामुळे ते माळ्याखाली येऊ शकत नव्हते, म्हणाले, "तूच काढ आणि माईंना दे." मी चार कापडं काढली, गाठोडं बांधायला टेबलाशी आलो. नकाशा तिथंच होता, सैल गुंडाळलेला. घरात माई पाणी तापवत होत्या. विजया तिच्या मुलीला शाळेतून आणायला गेली होती. नाना डोळे मिटून पडले होते.

मी फार वेळ विचार केला, असं मला लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. मी विचार केला नाही. पाचवं कापड चार कापडांच्या मध्ये सरकवलं, रिकामं नळकांडं झाकण लावून जागेवर उभं केलं, गाठ मारली आणि गाठोडं माईंच्या हातात दिलं. माईंच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता, दुसऱ्याचा राहिला होता. त्यांनी गाठोडं हातानं तोललं. "यंदा जड आहे रे," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "नाटकगृह आहे ना माई."

भोगीच्या सकाळी मी मुद्दाम लवकर गेलो. माई पाटावर बसून धूत होत्या. घंगाळातलं पाणी काळपट झालं होतं. त्या पाण्यात माईंच्याच अक्षरातली नावं होती. गंगूबाई, सखू, रखमा, हलीमा. माईंचे हात कोपरापर्यंत त्यात होते आणि त्या गुणगुणत होत्या. मी एक शब्द बोललो असतो तर तेव्हाही काही वाचलं नसतं. पण पुढचं वाचलं असतं.

संक्रांतीला रुमाल मिळाले. माईंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला, रुमाल ठेवला आणि म्हणाल्या, "यंदाचं कापड किती छान निघालंय बघ, जुनं असणार."

तिसऱ्या दिवशी विजयानं नळकांडं उघडलं.

आधी सगळीकडे शोधाशोध झाली. मीही शोधलं, कपाटामागे वाकून शोधलं. मग स्वयंपाकघराच्या दारातून माईंचा आवाज आला, इतका बारीक की तो त्यांचा वाटेना. "अहो, मी धुतलं का हो ते?"

नानांनी मला विचारलं, "अशोक, गाठोडं तू दिलंस. किती होती?"

मी म्हणालो, "मी चारच दिली होती."

हेच माझं पाप. नकाशा धुवायला देणं हे मत्सरानं झालं, त्या मत्सराला निदान माझा चेहरा होता. हे दुसरं वाक्य मी थंड डोक्यानं बोललो. माईंना टेबल आवरायची सवय होती, हे सगळ्यांना माहीत होतं. माई भिंतीला धरून खाली बसल्या. "मीच उचललं असणार. मला दिसत नाही हो. मला सांगायचं नाही का कुणी, की मला दिसत नाही."

नाना उठले, काठी टेकत त्यांच्याजवळ गेले, डोक्यावर हात ठेवला. "तुझंच अक्षर होतं. तू पुसलंस. माझं काय गेलं?" त्यांनी हे हसत म्हटलं. माई मात्र त्यानंतर कधी सुई हातात घेताना मला दिसल्या नाहीत. पुढच्या संक्रांतीला रुमाल झाले नाहीत. त्यानंतरही नाही.

विजया एक दिवस रडली. दुसऱ्या दिवशी तिनं बाजारातून कोरं मांजरपाट आणलं, वॉर्डाच्या गल्ल्या स्वतः पायी मोजून काढल्या आणि चौकात फळी लावली. मी शिडी धरली. वर्तुळं नव्हती, नावं नव्हती, कोऱ्या गल्ल्या फक्त. मला वाटलं, आता हिची फजिती होणार. पहिली बाई आली ती भाजीची पिशवी घेऊन, पुढं झुकून म्हणाली, "काय गं, माझी गल्ली इतकी सरळ कुठंय? तिथं गटार वळतं बघ." विजया खो खो हसली. "मग दाखव ना मावशी, वळव तू." बायका रांगेनं आल्या. आता कुणाला माईंच्या स्टुलाची गरज नव्हती. त्या आपलं नाव, सासरचं आडनाव, मोबाईल असला तर त्याचा नंबरही, मोठ्यानं सांगत होत्या. नानांना खुर्चीत बसवून आणलं होतं. ते म्हणाले, "हा जास्त बरा आहे. हा आजचा आहे." ते ऐकून मला जे वाटलं ते मी इथं लिहितो: ते दुःख नव्हतं. पुन्हा मत्सरच होता. मी तिचं घेतलं, आणि तिला त्याहून चांगलं मिळालं.

ती त्या वेळी थोड्या मतांनी पडली. मी घरी जाऊन श्रीखंड आणलं. बायकोला सांगितलं, सहज आणलं.

रुमालातली भोकं मला त्यानंतर दिसली. सकाळी खिडकीच्या गजावर तो वाळत घातला होता. ऊन पडलं आणि त्यात बारीक उजेडाचे ठिपके दिसले. एक, दोन, सात, अकरा. नळ. शाई गेली, नावं गेली, गल्ल्या गेल्या, पण कंपासच्या टोकानं तुटलेले धागे तसेच होते. म्हणजे नकाशा पूर्ण मेला नव्हता. सगळ्यांचे रुमाल गोळा केले असते, उजेडात धरले असते, वॉर्डाच्या नव्या नकाशावर ठेवून जुळवले असते, तर नळांच्या जागा तरी परत आल्या असत्या. नावं माईंना पाठ होती. हे मी त्याच दिवशी सांगू शकत होतो. माईंना हातात काहीतरी धरायला मिळालं असतं. मी रुमालाची घडी केली आणि स्वेटरांखाली ठेवली. कारण सापडला असता तर तो विजयाला मिळाला असता.

नाना पुढच्या वर्षी गेले. ऑफिस बंद झालं. माई त्यानंतर तीन वर्षं होत्या. शेवटच्या आजारात मी त्यांना भेटायला गेलो. आता त्यांना काहीच दिसत नव्हतं, पण पायरव ओळखून म्हणाल्या, "अशोक का? बस." हात चाचपून माझा हात धरला. "अशोक, तुझ्या नानांचा नकाशा मी धुतला रे. त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं."

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. एवढी सोपी जागा मला आयुष्यात परत मिळणार नव्हती.

मी म्हणालो, "जाऊ द्या, माई."

मी त्यांना क्षमा केली. माझ्या चुकीची. त्यांनी माझा हात थोपटला आणि "बरं" म्हणाल्या.

विजया त्यानंतरच्या निवडणुकीत निवडून आली. तिनं काय केलं, किती केलं, हे लोक सांगतील. आमच्या गल्लीत पाणी सकाळी सहाला येतं, एवढं मला माहीत आहे. यंदा ती परत उभी आहे. परवा तिचा फोन आला. "अशोकभाऊ, नवा नकाशा काढतेय. वॉर्ड बदललाय, गल्ल्या वाढल्यात. पट्टी घेऊन या ना. तुमच्याइतकी सरळ रेघ कुणाची नाही." मी पट्टी घेतली. कपाट उघडलं, स्वेटर उचलले, रुमालही घेतला.

तिच्या घरी बैठकीत जमिनीवर कापड पसरलं होतं. केस पांढरे व्हायला लागलेत तिचे, आवाज तसाच. कोपऱ्यात कुणीतरी ठेवलेली द्राक्षांची पेटी उघडी होती. मी बसलो, रुमाल काढला आणि खिडकीकडे धरला. तिनं पाहिलं. आश्चर्य वाटल्यासारखं काहीच तिच्या चेहऱ्यावर आलं नाही. आत गेली आणि तिचा रुमाल घेऊन आली.

"मला त्याच आठवड्यात दिसलं होतं," ती म्हणाली. "पोरीच्या तोंडावर रुमाल टाकून खेळत होते उन्हात. तिच्या गालावर ठिपके पडले."

"मग बोलली का नाहीस?"

"कशी बोलू? तोवर माई रडून रडून थकल्या होत्या. त्यात त्यांनी स्वतः कापून, टीप घालून वाटलेला रुमाल, तोच त्यांच्यासमोर धरायचा? मला नाही जमलं, भाऊ."

आम्ही दोघंही दहा वर्षं त्याच रुमालाबद्दल गप्प होतो. ती माईंसाठी. मी माझ्यासाठी. तिचं गप्प राहणंही माझ्यापेक्षा सरस निघालं, हे बघून जुनी कळ उठली, अगदी तशीच, ताजी. मग मी म्हणालो, "ते माईंनी नाही केलं. गाठोड्यात मी घातलं. पाच दिली होती मी."

तिच्या हातात पेन होतं. शाई टोकाशी सुकली. बाहेर प्रचाराची रिक्षा जाऊन आली, तिच्याच नावाची.

"का?"

"नानांनी तुला दिला म्हणून."

"माईंच्या शेवटाला तुम्ही होतात ना?"

"हो."

"तेव्हाही?"

"तेव्हाही नाही."

तिनं पेन खाली ठेवलं. मला ते सहन होईना, म्हणून मी बोलत सुटलो. म्हणालो, बाकीच्या तिघांचे रुमाल मी मिळवतो, दोघं इथंच आहेत, एक पिंपळगावला आहे. कडांच्या टिपा उसवू, दुमडलेलं कापड सोडवू, तुकडे एकमेकांना जुळतील, नळ परत सापडतील, आपण ते या नकाशावर उतरवू. बोलता बोलता मी कात्रीचं टोक माझ्या रुमालाच्या कडेला लावलंसुद्धा.

तिनं माझं मनगट धरलं. जोरात.

"हाऊ माईना हात शे, भाऊ," ती म्हणाली. राग आला की ती अशी गावाकडं जायची. "आंधळ्या डोळ्यांनी घातलीय ही टीप. नकाशा मी दर पाच वर्षांनी काढीन. ही परत कोण घालणार?"

मी कात्री खाली ठेवली. रुमालाची कड पहिल्यांदाच नीट पाहिली. टाके बारीक, सारख्या अंतराचे. एका कोपऱ्यात मात्र सुई चुकली होती, तिथं त्याच जागी तीन-चारदा टोचून परत नेमकी वाट शोधली होती. दहा वर्षं मी त्या कापडात नळ शोधत होतो.

मग मी वाट बघत बसलो. तिनं "जाऊ द्या" म्हणावं म्हणून. मी माईंना म्हटलं होतं तसं. ती म्हणाली नाही. तिनं दोन्ही रुमालांच्या घड्या केल्या, माझा माझ्यापुढे ठेवला, पेन पाण्यात बुडवून पुसलं आणि परत शाई भरली.

"उद्या सकाळी नऊला चौकात या," ती म्हणाली. "फळी लावायचीय. यंदा शिडी पोरं धरतील. तुम्ही स्टुलावर बसा, बायकांची नावं लिहायला."

मी उठलो. दारापर्यंत गेल्यावर तिनं हाक मारली, वर न बघता.

"आणि भाऊ, पहिली बाई यायच्या आधी सगळ्यांसमोर सांगा. ते कापड कुणी धुतलं ते. माईंचं नाव घेऊन सांगा, त्यांचा दोष नव्हता म्हणून. लोक अजून म्हणतात, म्हातारीनं धुतलं."

उद्याची सकाळ आज झाली. साडेसात वाजलेत, बाहेर गंधकाचा वास आहे, आणि हे मी त्याआधी लिहून घेतोय, कारण नानांसारखं मलाही चार लोकांत बोलता येत नाही. पांढरा रुमाल खिशात आहे.